दुधाचा पांढरा जग



या व्याख्यानमालेत मी आजवर तुमच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या रांगेत बसत आलो. आज इकडे उभा आहे तो आमच्या चित्रकलेच्या सरांशी राहून गेलेला एक वाद पुढे नेण्यासाठी. सरांच्या लेखी तो वाद एका वाक्यात मिटला होता. माझ्या मनात तो चाळीस वर्षं चालू आहे.

आमच्या चित्रकलेच्या वर्गात एक लाकडी कपाट होतं. त्यात मातीची रंगवलेली फळं, एक घडीचं हिरवं कापड, दोन-तीन बाटल्या आणि एक तांब्या असे. सरांच्या घरच्यांनी तो तांब्या आज आठवणीनं आणला आहे. तो या टेबलावर ठेवला आहे. त्याच्या पोटाला पोचा आहे, तुम्हाला मागूनही दिसत असेल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या आमच्या कितीतरी पिढ्यांनी हा तांब्या काढला. त्याच कपाटात पुठ्ठा सुटलेलं एक इंग्रजी पुस्तकही होतं, युरोपातल्या चित्रकारांवरचं. त्यात एका पानावर पॉल सेझानचं जलरंगातलं एक स्थिरचित्र होतं, काळ्यापांढऱ्या छपाईत. अर्ध्याहून जास्त कागद कोरा. रेघा दुहेरी, तिहेरी. मी सरांना विचारलं, यांनी हे पुरं का नाही केलं? सर म्हणाले, “अर्धवट आहे रे. मोठा माणूस म्हणून छापलंय. तू असं दिलंस तर परत पाठवीन.”

सर, ते अर्धवट नव्हतं. आज एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायला तासभर लागेल.

पडद्यावर आता जे चित्र आहे ते त्या पुस्तकातलं नव्हे, पण त्याच घराण्यातलं. याचं नाव ‘निळ्या भांड्याचं स्थिरचित्र’. शिसपेन्सिल आणि जलरंग, १९०० ते १९०६ च्या दरम्यान केव्हातरी काढलेलं, म्हणजे सेझानच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या वर्षांतलं. कागद सुमारे ४८ सेंटिमीटर उंच आणि ६३ सेंटिमीटर रुंद. आपल्या भाषेत सांगायचं तर हाफ इंपीरियलपेक्षा मोठा, फुल इंपीरियलपेक्षा लहान. १९८३ पासून तो लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे, आणि तिथे तो पेंटिंग म्हणून नाही, ड्रॉइंग म्हणून ठेवला आहे. रंगांनी भरलेल्या या कागदाला रेखाचित्र म्हणावं का, या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

मूळ कागद मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगतो. कागदावरचे जलरंग उजेडानं उडतात. म्हणून अशी कामं जगभर अगदी मंद उजेडात, साधारण ५० लक्समध्ये, काही महिने मांडतात आणि मग पुन्हा पेटीत घालून अंधारात ठेवतात. आपण सगळेच ही प्रतिमा पाहतो आहोत. पण प्रतिमा चांगली आहे, इतकी की पेन्सिलीचा दाबसुद्धा दिसतो.

आता काय आहे चित्रात? एक टेबल. त्यावर जाड विणकामाचं, नक्षीचं रंगीत कापड, चुण्या पडून डोंगरउतारासारखं आलेलं. एक पांढरं कापड. काही सफरचंदं. एक एनॅमलचं निळं भांडं. आणि एक दुधाचा पांढरा जग. श्रीमंती असं काही नाही. एनॅमलची भांडी आपल्याकडेही घरोघर होती. कोपरा आपटला की टवका उडून आतलं काळं लोखंड दिसायचं. सेझानच्या टेबलावरचं भांडंही तसंच, स्वयंपाकघरातलं, रोजच्या वापराचं.

या माणसाकडे पैसा नव्हता म्हणून तो अशा वस्तू काढायचा, असं नाही. त्याचे वडील टोप्यांच्या धंद्यातून वर येऊन दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावात बँकर झाले होते. १८५९ साली त्यांनी गावाबाहेर जा द बुफां नावाची मोठी वाडी घेतली. मुलानं कायदा शिकावा ही त्यांची इच्छा. मुलगा कायद्याच्या वर्गाला गेला, संध्याकाळी गावच्या चित्रशाळेत गेला, आणि १८६१ मध्ये पॅरिसला. तिथल्या सरकारी कलाशाळेनं त्याला घेतलं नाही. सलोंनं, म्हणजे सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनानं, त्याची चित्रं वर्षानुवर्षं परत पाठवली. परत पाठवणं हा शब्द सर सहज वापरायचे. सेझाननं तो आयुष्यभर ऐकला. पन्नाशी उलटल्यावर, १८९५ मध्ये, आंब्रुआज व्होलार नावाच्या विक्रेत्यानं पॅरिसमध्ये त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन भरवलं.

फ्रान्समधल्या अकादमीच्या उतरंडीत स्थिरचित्र सगळ्यात खालच्या पायरीवर. वर पुराणकथा, इतिहास, मग व्यक्तिचित्रं, निसर्ग, आणि तळाला फळं नि भांडी. त्यांच्या भाषेत या प्रकाराला ‘मेलेला निसर्ग’ असंच म्हणतात. अठराव्या शतकातला शार्दां हा तिथला या प्रकाराचा मोठा धनी. लूव्हरमध्ये त्याची चित्रं सेझान मन लावून पाहायचा. आपण ‘वस्तुचित्र’ म्हणतो, ‘स्थिरचित्र’ म्हणतो. मला दोन्ही शब्द आवडतात, पण सेझानपुढे दोन्ही थोडे कमी पडतात. पडद्यावरच्या त्या कापडाकडे पाहा. ते स्थिर आहे?

सेझानची सफरचंदं म्हटली की दोन गोष्टी हटकून सांगतात. एक, शाळेत त्यानं आपल्या मित्राची, एमिल झोलाची, बाजू घेऊन मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी झोलानं त्याला सफरचंदांची टोपली आणून दिली. दुसरी, त्याला एका सफरचंदानं पॅरिस थक्क करायचं होतं. दोन्ही गोड आहेत. पण चित्रासमोर बसलं की मला त्यांचा काहीच उपयोग होत नाही. उपयोग होतो तो एका वेगळ्याच आठवणीचा. १८९८ च्या सुमारास लुई ल बाय नावाच्या तरुण चित्रकारानं सेझानला स्थिरचित्राची मांडणी करताना पाहिलं. त्यानं सांगितलेला तपशील असा: सेझाननं टेबलावर कापड सैलसं टाकलं. मग फळं ठेवली, हिरव्याला लाल भिडेल, निळ्याला पिवळं भिडेल अशी. एक एक फळ कलतं केलं, फिरवलं, उचललं, परत ठेवलं. आणि ते हवं त्या कोनात थांबावं म्हणून त्याच्या बुडाखाली एक-दोन सूंची फ्रेंच नाणी सारली.

नाणी! मला ही गोष्ट कळली तेव्हा मी हरखून गेलो होतो, कारण सर तेच करायचे. तांब्या पोच्यावर लवंडू नये म्हणून त्याच्या बुडाखाली खडूचा तुकडा. वांगं डुगडुगू नये म्हणून आगपेटीची काडी. एवढं करून झालं की सर मागे सरायचे, एक डोळा मिटून बघायचे, परत पुढे यायचे. आम्ही कंटाळायचो. चित्राची पहिली रेघ तिथेच पडते हे तेव्हा कळत नव्हतं.

मांडणी झाली की सेझानचं काम महिनोन् महिने चाले. व्होलारचं व्यक्तिचित्र त्यानं १८९९ मध्ये रंगवलं. व्होलारनं लिहून ठेवलंय की त्यासाठी तो ११५ वेळा बसला. एकदा डुलकी लागून खाली पडला तेव्हा सेझान चिडला, सफरचंदासारखं बस म्हणाला. फुलं तर इतका वेळ टिकत नाहीत, म्हणून सेझान कागदाची फुलं वापरायचा. फळं फुलांपेक्षा बरी. पण तीही सुरकुततात, कुजतात. एवढा वेळ तो करायचा काय? रंगवायचा कमी, बघायचा जास्त. एक फटकारा मारायला कधी कधी कितीतरी मिनिटं जायची.

आता जवळून पाहू. एक सफरचंद मोठं करून दाखवा.

याची कड बघा. कड एक नाही. पेन्सिलीची एक वळणदार रेघ आहे, तिच्या बाहेर दुसरी, थोडी तुटलेली. त्यावर ब्रशनं काढलेली निळी रेघ, मध्येच थांबलेली, पुन्हा पलीकडे सुरू झालेली. आपल्या वर्गात याला एकच शब्द होता, ‘मळकट’. आम्हाला शिकवलं होतं की आधी फिकट रेघांनी आकार शोधायचा, मग योग्य ती एक रेघ पक्की करायची आणि बाकीच्या खोडरबरानं पुसायच्या. परीक्षकाला तुमचा शोध दिसता कामा नये, उत्तर दिसलं पाहिजे.

पण एक करून पाहा. घरी गेल्यावर कुठलंही फळ समोर ठेवा आणि त्याची कड कुठे आहे ते बोटानं दाखवा. बोट ठेवता येत नाही. फळ गोल आहे. ते तुमच्याकडून वळून पलीकडे जातं, आणि जिथे दिसेनासं होतं त्या जागेला आपण कड म्हणतो. फळावर तिथे रेघ नसते. तुम्ही जरासं डावीकडे सरकलात की कडही सरकते. डावा डोळा मिटून उजव्यानं पाहिलंत तरी सरकते. दोन डोळ्यांनी, श्वास घेत, मान हलवत बसलेल्या माणसाला एकच एक कड कधी दिसतच नाही. एक पक्की रेघ काढायची तर माणसानं एक डोळा मिटून खिळ्यासारखं बसावं लागतं. सेझान तसा बसत नव्हता. त्यानं जितक्या कडा दिसल्या तितक्या ठेवल्या.

ही मी माझ्या मनची गोष्ट सांगत नाही. सप्टेंबर १९०६ मध्ये, मरणाच्या सुमारे दीड महिना आधी, त्यानं मुलाला लिहिलेलं पत्र आहे. वय ६७, मधुमेह जुना, त्या वर्षीचा उन्हाळा कडक. तो आर्क नदीच्या काठी सावलीत बसून काम करत होता. त्यानं लिहिलं की इथे विषय इतके वाढत जातात, तीच जागा वेगळ्या कोनातून इतकी वेगळी दिसते, की जागा न बदलता नुसतं थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे झुकलो तरी महिनोन् महिने पुरेल इतकं काम आहे. हे वाचल्यावर त्या सफरचंदाच्या तीन रेघा मला चूक वाटेनाशा झाल्या. एका म्हाताऱ्या माणसाचं ते उजवीकडे-डावीकडे झुकणं आहे.

आता सफरचंदाचा मध्य. सगळ्यात जास्त फुगलेली, आपल्या सगळ्यात जवळची जागा. तिथे काहीच नाही. लाल नाही, पिवळा नाही. कागद आहे. १९०४ मध्ये एमिल बर्नार नावाचा तरुण चित्रकार एक्सला जाऊन त्याला भेटला आणि नंतर त्यांचा पत्रव्यवहार झाला. त्या उन्हाळ्यातल्या एका पत्रात सेझाननं त्याला समजावलं आहे की संत्रं असो, चेंडू असो, डोकं असो, त्यावर एक शिखरबिंदू असतो, उजेड-सावली काहीही असो, तो आपल्या डोळ्याला सगळ्यात जवळ असतो, आणि वस्तूच्या कडा आपल्यापासून दूर पळत असतात. तैलरंगात हा बिंदू दाखवायला रंग लावावा लागतो. जलरंगात सेझाननं तो लावलाच नाही. रंग दूर जाणाऱ्या भागाला दिला आणि जवळ येणाऱ्या भागाला कागद. म्हणजे कोरा कागद इथे सगळ्यात पुढे येतो.

‘हायलाइट सोडणं’ हे आपल्याला नवीन नाही. सर आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचे: जलरंगात पांढरा वापरायचा नाही, उजेडाची जागा कोरी सोडायची. आपल्याकडची जलरंगाची परंपरा मोठी आहे. सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र, जे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, तेही जलरंगातलं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण तिथे कागदाचं काम दिव्याचा उजेड होणं हे आहे, आणि पाहणाऱ्यानं कागद विसरून जावा यात हळदणकरांची हुकमत आहे. सेझान आपल्याला कागद विसरू देत नाही. एका क्षणी ते सफरचंद असतं, दुसऱ्या क्षणी पांढरा कागद आणि त्याभोवती लाल-पिवळे डाग, पुन्हा सफरचंद. तो दोन्ही एकाच वेळी दाखवतो. मी हळदणकरांना कमी लेखत नाही, कधी लेखणार नाही. त्यांना एक साधायचं होतं, सेझानला दुसरं.

रंग लावायची त्याची रीतही उलटी होती. आपण काय करतो? कागद ओला करून मोठा फिकट वॉश देतो, मग हळूहळू गडदाकडे जातो, टोन एकमेकांत मिसळू देतो. बर्नारनं सेझानला जलरंगात काम करताना पाहिलं आणि चकित होऊन त्याची नोंद केली. सेझान सावलीपासून सुरू करायचा. सावलीत एक डाग. त्यावर त्याहून थोडा मोठा दुसरा डाग, पहिल्याच्या बाहेर डोकावणारा. मग तिसरा. हे पारदर्शक डाग पडद्यांसारखे एकमेकांवर येत जात आणि त्यातून रंग आणि गोलाई दोन्ही तयार होत. बर्नारला ही रीत विलक्षण गुंतागुंतीची वाटली.

ती आहेच. कारण प्रत्येक डाग वाळल्याशिवाय दुसरा लावता येत नाही. ओल्यावर लावला तर दोन्ही चिखल होतात. पडद्यावर पाहा, निळ्या भांड्याच्या पोटावर हे डाग मोजता येतात. प्रत्येकाची कड वाळून थोडी गडद झाली आहे, पाण्याचा डाग कपड्यावर वाळल्यावर होते तशी. इथे फिकट निळा, त्यावर जांभळट, त्यावर हिरवट. म्हणजे जे भांडं आपण ‘निळं’ म्हणून मोकळे होतो त्यात त्याला चार-पाच रंग दिसले, आणि ते त्यानं एकत्र कालवून एक निळा केला नाही. शेजारच्या कापडातला रंग भांड्यात आला आहे, भांड्यातला कापडात गेला आहे. डाग वाळेपर्यंत हातात ब्रश घेऊन थांबायचं. तेवढ्या वेळात पुन्हा बघायचं. पुढचा डाग कुठे पडेल ते त्या बघण्यावर.

आणि या सगळ्यात पेन्सिल कधी थांबली? आपला समज असा की पेन्सिल आधी, रंग नंतर. सेझानच्या अशा कागदांवर पेन्सिलीच्या रेघा वाळलेल्या रंगावरूनही गेलेल्या सापडतात. तो रंग लावायचा, पुन्हा पेन्सिल घ्यायचा, पुन्हा रंग. रेखाटन आणि रंग या दोन पायऱ्या नव्हत्या. रंगवत जावं तसतसं रेखाटन होत जातं, असं त्याचं म्हणणं बर्नारनं लिहून ठेवलं आहे. म्हणून संग्रहालय याला ड्रॉइंग म्हणतं तेही खरं आणि कुणी पेंटिंग म्हटलं तर तेही चूक नाही. आपल्या परीक्षेत आधी रेखाटनाचे गुण, मग छायाप्रकाशाचे, मग रंगाचे, असे वेगळे खण असत. या कागदाला त्या खणांतून कसे गुण द्यायचे, मला सांगता येणार नाही.

आता दुधाचा जग.

मी मुद्दाम तो शेवटी ठेवला. पडद्यावर चित्रात सगळ्यात ठळक दिसणारी गोष्ट कुठली असं तुम्हाला विचारलं तर बरेच जण निळं भांडं म्हणतील, आणि मग जरा थांबून म्हणतील, नाही, तो पांढरा जग. तो डोळ्यात भरतो. आणि तो जवळजवळ रंगवलेलाच नाही. एका बाजूला सावलीचे थोडे डाग, कडेला काही रेघा, आणि मधलं सगळं पोट म्हणजे कागद. पाठीमागचं कापड गडद झालं, नक्षीनं भरलं, शेजारी निळं आलं, खाली लाल आलं, आणि मध्ये जी जागा उरली ती जग झाली. सेझाननं जग काढला नाही; जगाभोवतीचं सगळं काढलं.

सरांना मी हेच सांगितलं असतं. अर्धवट म्हणजे जिथे करायचं होतं आणि केलं नाही. इथे करायचं नव्हतं. आणि करायचं नाही हे त्याला आधीपासून माहीत असणार, कारण पारदर्शक जलरंगात कोरी जागा नंतर मिळत नाही. एकदा डाग पडला की गेली. शंभरदा ब्रश कागदाजवळ नेऊन शंभरदा तो आवरायचा. महिनोन् महिने. त्या जगाच्या पांढऱ्यात आवरलेला हात आहे, आणि मला तो कुठल्याही फटकाऱ्याइतकाच स्पष्ट दिसतो.

कवी राइनर मारिया रिल्के १९०७ मध्ये पॅरिसमध्ये होता. सेझान जाऊन वर्ष झालं होतं आणि शरद प्रदर्शनात त्याची ५६ कामं मांडली होती. रिल्के तिथे पुन्हा पुन्हा जात राहिला आणि जवळजवळ रोज बायकोला पत्र लिहीत राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यानं सेझानचे जलरंगही पाहिले होते. त्याला जाणवलं ते असं की सेझानची फळं खाण्याची राहतच नाहीत, इतक्या हट्टानं ती नुसती वस्तू होऊन समोर असतात. मी रिल्केशी सहमत आहे, पण तैलचित्रांपुरता. या कागदावरच्या सफरचंदांत तो हट्ट नाही. ती येतात, जातात. असणं आणि नसणं याच्या मधे कुठेतरी आहेत, आणि तरी कोपऱ्यातल्या एकाला उचलून पुसून खावं असं वाटतं.

शेवटची वर्षं सेझान एक्समध्येच राहिला. जा द बुफांची वाडी १८९९ मध्ये विकावी लागली. गावाच्या उत्तरेला ले लोव्हच्या टेकडीवर त्यानं जागा घेऊन स्टुडिओ बांधला आणि १९०२ पासून तिथे काम करू लागला. उत्तरेकडे भलीमोठी खिडकी, एकसारखा उजेड यावा म्हणून. मोठे कॅनव्हास बाहेर काढता यावेत म्हणून भिंतीत एक उंच, अरुंद फट. थोडं वर चढून गेलं की सेंत-व्हिक्त्वार पर्वत दिसतो, १०११ मीटर उंचीचा, जो त्यानं कितीतरी वेळा रंगवला. त्या पर्वताची चित्रं आणि हे टेबलावरचं कापड शेजारी शेजारी ठेवून पाहा. त्याच घड्या, तेच उतार. स्टुडिओ आजही आहे. टेबलं, बाटल्या, कवट्या, प्लास्टरचा छोटा क्युपिड, सगळं तिथे ठेवलं आहे.

१५ ऑक्टोबर १९०६ ला तो बाहेर उघड्यावर काम करत असताना वादळी पावसात सापडला. भिजून कोसळला. धोब्याच्या गाडीतून त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो पुन्हा बागेत कामाला गेला. आठवडाभरात गेला.

मुंबईशी या माणसाचा एक खरा धागा आहे, तो सांगायला हवा. १९४८ मध्ये सय्यद हैदर रझा काश्मीरमध्ये चित्रं काढत होते. जे. जे. कलाशाळेतून नुकतेच बाहेर पडलेले, चित्रकार मित्रांसोबतचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप आदल्या वर्षी स्थापन झालेला. तिथे त्यांना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी रझांची चित्रं पाहिली, दाद दिली आणि सांगितलं की यांत बांधणी कमी आहे, सेझानचा अभ्यास करा. रझा मुंबईला परतले, फ्रेंच शिकायला लागले, आणि १९५० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला गेले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातला ‘बांधणी’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पडद्यावरचा हा हलका, विरळ, जवळजवळ हवेत तरंगणारा कागद पाहून कुणी त्याला बांधणीचा नमुना म्हणेल का? पण एक डाग काढून टाका, मनातल्या मनात, जगाच्या मागचा तो गडद हिरवट. जग विरून जातो. निळं भांडं पुढे झुकतं. सगळं टेबल डावीकडे कलंडतं. म्हणजे प्रत्येक डाग भार पेलतो आहे, खालच्या नाण्यासारखा.

सरांनी हे मोठं करून पाहिलं असतं तर काय म्हणाले असते? मला वाटतं, आधी म्हणाले असते, कडा मळकट आहेत. मग चष्मा वर करून, कागदाला नाक लावून, बराच वेळ काही बोलले नसते. त्या पुस्तकात काळीपांढरी छपाई होती. तिच्यात पेन्सिल आणि निळी रेघ एकच दिसत होती, कोरा कागद आणि फिकट पिवळा एकच दिसत होता. सर चुकले नाहीत. त्यांना चित्र दिसलंच नव्हतं. मी तो वाद इतकी वर्षं चालवला तो खरं तर त्या छपाईशी.

आता दिवे लावा. पडदा बंद केला तरी चालेल.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या खुर्चीखाली एक कागद, एक पुठ्ठा आणि एक पेन्सिल ठेवली आहे. तांब्या टेबलावर आहेच. बुडाखालचा खडू सकाळी मीच ठेवला, पोचा तुमच्याकडे येईल असा. मागच्यांना नीट दिसत नसेल तर पुढे या, जमिनीवर बसा, चालेल. पंधरा मिनिटं आहेत. कड सापडली असं वाटलं की मान जरा हलवा आणि परत बघा. खोडरबर कुणालाच दिलेलं नाही.